नदी गेली, वाळू राहिली

"अगं, पण तू नेमकं करतेस काय?"

लग्न असो, मुंज असो, बारसं असो, हा प्रश्न हमखास येतो. 'तेल शोधते' म्हटलं की समोरच्याचे डोळे चमकतात आणि पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "मग आपल्या मळ्यात बघ की जरा!" 'जिओफिजिसिस्ट आहे' म्हटलं तर समोरचा मान डोलावतो आणि जिलेबीकडे वळतो. शेवटी गेल्या दिवाळीत मावशीला मी सांगून टाकलं, "मावशी, मी जमिनीखाली पुरलेल्या नद्या शोधते."

तिला ते लगेच पटलं. पण तिच्या डोळ्यांसमोर सरस्वतीसारखी गुप्तपणे वाहणारी, खळखळणारी नदी आली असणार. माझ्या नद्यांत काही वाहत नाही. त्या वाहायच्या थांबल्या त्याला कोटी-दोन कोटी वर्षं झाली. त्यांच्यावर एक-दोन किलोमीटर जाडीचे मातीचे थर साचलेत आणि त्यावर आज समुद्र आहे.

तर मंडळी, आज जरा सविस्तर. थोडं तांत्रिक होईल, पण तग धरा. शेवटी विषय आपल्या गावापर्यंत येणार आहे.

आधी एक गैरसमज. जमिनीखाली तेलाचं तळं नसतं. तेल किंवा वायू असतो तो खडकाच्या बारीक बारीक फटींत. वाटीभर मोहरी घ्या आणि तिच्यात हळूहळू पाणी ओता. भरलेल्या वाटीतही बरंच पाणी मावतं. तसंच वाळूच्या दाण्यांमधल्या जागेत तेल किंवा वायू मावतो. चिकणमातीतही फटी असतात, पण इतक्या बारीक की आत अडकलेलं सहजी बाहेर निघत नाही. म्हणजे आम्हाला हवी असते वाळू, आणि तिच्या चारी बाजूंना चिकणमाती, म्हणजे आतला वायू निसटून जाणार नाही.

निसर्गात ही रचना आयती करून ठेवते ती नदी. पात्रात वाळू, आणि पूर ओसरल्यावर दोन्ही काठांच्या शेतांत गाळ. जिथे जमीन लाखो वर्षं हळूहळू खचत असते तिथे एका नदीवर दुसरी, दुसरीवर तिसरी, अशा नद्या थरांत पुरल्या जातात. वाळूचे नागमोडी पट्टे, चिखलात गुंडाळलेले.

असा प्रदेश म्हणजे थायलंडचं आखात. मी काही वर्षं बँकॉकला काढली ती या आखातापायीच. आज तिथे समुद्र आहे, पण फार उथळ. वीसेक हजार वर्षांपूर्वी, हिमयुगात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. तेव्हा हे अख्खं आखात कोरडी जमीन होतं आणि तिच्यावरून नद्या वाहत होत्या. या भागातल्या बुडालेल्या नद्यांविषयी मोलेनग्राफ नावाच्या डच भूवैज्ञानिकाने १९२१ साली लिहून ठेवलंय. त्या झाल्या अगदी वरच्या, ताज्या नद्या. त्यांच्या खाली, खूप खाली, मायोसीन काळातल्या नद्या आहेत, आणि वायू आहे तो त्यांच्यात. १९७३ साली इथे एरावान हे वायूक्षेत्र सापडलं, १९८१ मध्ये उत्पादन सुरू झालं आणि पुढे थायलंडच्या विजेचा मोठा भाग या आखातातल्या वायूवर चालत आला.

आता ही नदी दिसते कशी?

डोंगरासमोर उभं राहून हाक मारली की प्रतिध्वनी येतो. तो किती वेळाने आला यावरून डोंगर किती लांब आहे ते कळतं. सिस्मिक सर्वेमध्ये हेच करतात. जहाज चालत असतं. दर आठ-दहा सेकंदांनी एअर गनमधून दाबलेली हवा पाण्यात सोडतात, धडाम् आवाज होतो. तो पाण्यातून खाली, खडकांत शिरतो. जिथे एक थर संपून वेगळा थर सुरू होतो तिथून थोडा आवाज परत फिरतो. जहाजामागे कित्येक किलोमीटर लांबीच्या केबली ओढत नेलेल्या असतात, त्यांत कान बसवलेले असतात. ते परतणारे आवाज नोंदवत राहतात. ही झाली एक रेघ. त्या रेघेखालचा जमिनीचा उभा छेद तयार होतो. केक सुरीने कापल्यावर थर दिसतात, तसा.

पूर्वी एवढंच असायचं. दोन रेघांत एक-दोन किलोमीटरचं अंतर असायचं. आता विचार करा, नदी दोनशे-तीनशे मीटर रुंद. ती एका रेघेला छेदून गेली तर त्या छेदात तिची खूण काय? बारीकशी खोलगट जागा, जेमतेम नखाएवढी. ती कुठून आली, कुठे गेली, पुढच्या रेघेवर दिसणारी खळगी तिचीच की दुसऱ्या नदीची, काही कळायला मार्ग नाही. एखाद्या कादंबरीचं दर शंभरावं पान वाचून गोष्ट सांगायची, असं काम.

मग कुणीतरी विचार केला, रेघा इतक्या जवळ जवळ घेतल्या तर? पंचवीस-पन्नास मीटरवर? १९६७ साली टेक्सासमध्ये ह्यूस्टनजवळच्या फ्रेंड्सवूडला एक्सॉनने तो प्रयोग केला. इतक्या जवळच्या रेघा असल्या की मधली जागा भरून काढता येते आणि वेगवेगळे छेद राहत नाहीत, जमिनीचा अख्खा ठोकळाच हाती येतो. हाच थ्री-डी. आणि ठोकळा हाती आला की तो उभाच कापायला हवा असं थोडंच आहे? आडवाही कापता येतो! उभ्या छेदात जी नखाएवढी खळगी दिसत होती, ती आडव्या कापात अख्खी नदी होऊन समोर येते.

सत्तरच्या दशकाच्या मध्यात थायलंडच्या आखातात थ्री-डी सर्वे झाला, आणि ब्राऊन, डाम आणि ग्रेबनर या तिघांनी १९८१ साली त्यावर लेख लिहिला. आडव्या कापांवरून गाडलेल्या वाळूचे आकार वाचता येतात हे दाखवणाऱ्या पहिल्या काही लेखांपैकी तो एक. हे काम होतं जिओफिजिकल सर्व्हिस नावाच्या कंपनीचं. आपल्यापैकी पुष्कळांनी कॉलेजात टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचे कॅल्क्युलेटर वापरले असतील. ती कंपनी या तेल शोधणाऱ्या कंपनीच्याच पोटी जन्मली. जमिनीचा आवाज ऐकायला यंत्रं लागायची, यंत्रं बनवता बनवता तोच मुख्य धंदा झाला. असो.

पहिली नदी बघण्याचा अनुभव मात्र कुठल्याही लेखातून मिळत नाही. आडवे काप बघताना आपण पडद्यावर एकेक पायरी खाली उतरत असतो. चार मिलिसेकंद खाली, अजून चार, अजून चार. पडद्यावर नुसती भुरभुर. दूरदर्शनचं प्रक्षेपण संपल्यावर मुंग्या यायच्या ना, तसं. मग त्या मुंग्यांत एक बाक उमटतो. आणखी एक पायरी खाली, बाक मोठा होतो, त्याला दुसरा बाक जोडला जातो. आणि एकदम, एका पायरीवर, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नदी. वळणं, वळणांच्या आत कमानीसारख्या रेषा, एका बाजूला नदीने सोडून दिलेलं घोड्याच्या नालासारखं जुनं वळण. आणखी दोन पायऱ्या उतरलात की गायब. माझा एक थाई सहकारी म्हणाला होता, विमान बँकॉकला उतरताना खिडकीतून चाओ फ्राया अशीच दिसते. खरंच तशीच दिसते. मी त्या दिवशी जेवायला गेले नाही. तो पडदा सोडवेना.

या नद्या ओळखायला मला पुस्तकांइतकीच मदत झाली ती आपल्या भाषेची. नदीच्या वळणाच्या बाहेरच्या बाजूला पाणी जोरात असतं, काठ कापला जातो. आपण त्याला दरड म्हणतो आणि तिच्या पायथ्याशी असतो डोह. वळणाच्या आतल्या बाजूला पाणी संथ, तिथे वाळू साठते. ते वाळवंट. रेताड मुलुखाला आपण वाळवंट म्हणतो हे खरं, पण वारकऱ्याला विचारा, वाळवंट म्हणजे नदीकाठची वाळूच. भीमा पंढरपुराशी चंद्रकोरीसारखी वळते म्हणून तिथे चंद्रभागा होते, हेही आपल्या लोकांनी कुठलंही उपग्रहचित्र न बघता ओळखलं. त्यावर साचणाऱ्या सुपीक गाळाला आपल्याकडे मळई म्हणतात. डोह, दरड, वाळवंट, मळई. माझ्या धंद्यातलं निम्मं शास्त्र या चार शब्दांत बसतं.

आणि याच चार शब्दांत या धंद्यातली सगळ्यात महाग फसगत पण आहे.

पडद्यावर सगळ्यात ठसठशीत, रेखीव काय दिसतं? नदीचा शेवटचा मार्ग. आणि नदी एखादं वळण सोडून देते तेव्हा त्या सोडलेल्या वळणात काय भरतं? पाणी साचून राहतं, ते डबकं हळूहळू बारीक चिखलाने भरतं. म्हणजे जी रेघ सगळ्यात सुंदर दिसते, ती पुष्कळदा चिकणमातीने गच्च भरलेली असते. वाळू असते ती शेजारी, वळणाच्या पोटात, वाळवंटात. ते मात्र पडद्यावर पुसट, विस्कटलेलं, कुणाचं लक्ष जाणार नाही असं असतं.

बँकॉकच्या ऑफिसात एका अशाच देखण्या वळणावर विहीर ठरली. चित्र इतकं सुरेख होतं की वरिष्ठांच्या सादरीकरणात ते पहिल्याच पानावर होतं. विहीर नेमक्या जागी उतरली, मीटरचाही फरक नाही. निघाला चिखल. वर तीन मीटर बारीक रेती, खाली सगळी चिकणमाती. चित्र खोटं नव्हतं. तिथे नदी होती. पण आम्हाला नदी नको होती, नदीने मागे ठेवलेली वाळू हवी होती. पुढची विहीर चारशे मीटर बाजूला, वळणाच्या पोटात घेतली, तिथे वाळू मिळाली. तेव्हापासून नवीन मुलांना मी एकच सांगते. नदी दिसली की आनंद माना, चहा प्या, आणि मग विचारा, वाळू कुठे आहे?

ते ओळखायच्या काही युक्त्या आहेत. एक अगदी घरगुती आहे. ओला चिखल दाबला की खूप बसतो, वाळू त्या मानाने कमी बसते. वर हजारो फूट ओझं आलं की वाळूने भरलेला पट्टा आजूबाजूच्या चिखलाच्या मानाने उंच राहतो आणि वरच्या थरांना उशीसारखा उचलून धरतो. चिखलाने भरलेली नदी उलट आणखी खचते. म्हणून नदीच्या वरचे थर बघायचे, तिथे उंचवटा आहे की खळगा.

दुसरी अडचण जाडीची. आवाजाची लहर स्वतःच लांबलचक असते. दोन किलोमीटर खोलीवर आवाज सेकंदाला साधारण तीन हजार मीटर जातो, आणि आमच्या कामाचा आवाज असतो तीस-चाळीस हर्ट्झचा. हिशेब करा, एक लहर पंचाहत्तर ते शंभर मीटरची झाली. तिच्या चौथ्या हिश्श्याहून पातळ थराचा वरचा आणि खालचा काठ वेगळा ओळखू येत नाही. म्हणजे वीस-पंचवीस मीटर. आणि आखातातली वाळू बऱ्याचदा पाच-दहा मीटरच. मग दिसते कशी? तर जाडी नाही कळली तरी 'इथे काहीतरी आहे' एवढी कुजबूज आवाजात असते. एका ठिकाणची कुजबूज कुणी मनावर घेत नाही. पण हजारो ठिकाणच्या कुजबुजी शेजारी शेजारी मांडल्या आणि त्यांची नागमोडी ओळ झाली, तर निसर्गात तशी ओळ काढणारं दुसरं कोण आहे?

टेक्सासच्या स्ट्रॅटन वायूक्षेत्रात हार्डेज आणि सहकाऱ्यांनी १९९४ साली हे दाखवून दिलं. सहा हजार फुटांखालचे, जेमतेम तीन मीटर जाडीचे आणि साठेक मीटर रुंदीचे नदीचे पट्टे त्यांनी थ्री-डीवर ओळखले. तिथला एक छोटा डेटा टेक्सास विद्यापीठाच्या संस्थेने शिकण्यासाठी उपलब्ध करून दिला, आणि जगभरच्या विद्यार्थ्यांनी आपली पहिली नदी त्यात पाहिली. पुढे १९९५ मध्ये बहोरिच आणि फार्मर यांनी कोहेरन्स आणलं. शेजारचे आवाज एकमेकांसारखे आहेत की नाहीत एवढंच ते तपासतं, आणि नदीचे काठ काळ्या शाईने काढल्यासारखे उठून दिसतात. १९९९ मध्ये पार्टिका आणि सहकाऱ्यांनी आवाजाचे सूर वेगळे करून बघायची रीत दाखवली. ढोल-ताशा एकदम वाजत असताना नुसता ताशा ऐकायचा, मग नुसता ढोल. पातळ वाळू ताशाच्या सुरात उजळते, जाड वाळू ढोलाच्या. आता तर संगणकाला शिकवून ठेवलं की तो नद्या स्वतःच शोधून रंगवून देतो, आमचं महिन्याचं काम एका दुपारीत. पण 'वाळू की चिखल?' हा प्रश्न तोही अजून आमच्याकडेच सरकवतो. :)

शिवाय वायू असलेली वाळू पडद्यावर चमकते खरी, पण आखातात कोळशाचे पातळ थरही आहेत, तेही तस्सेच चमकतात. आणि वाळूत नावापुरता वायू असला तरी चमक जवळजवळ तेवढीच. तेव्हा चमकतं ते सगळं सोनं नसतं ही म्हण आम्हाला रोज आठवते.

मामांचा नेहमीचा प्रश्न असतो, "हे सगळं थायलंड-टेक्सासचं झालं. आपल्याकडे?" आपल्याकडे आहे ना. राजस्थानात बाडमेरला जानेवारी २००४ मध्ये मंगला क्षेत्र सापडलं, २९ ऑगस्ट २००९ ला तिथून तेल सुरू झालं. वर थारचं वाळवंट, म्हणजे दुसऱ्या अर्थाचं, आणि खाली नद्यांची वाळू. आपल्या सह्याद्रीचा लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, त्याच काळाच्या आसपास तिथे नद्या वाहत होत्या. मंगलाच्या खालच्या भागात रुंद, एकमेकांत मिसळणाऱ्या प्रवाहांची वाळू आहे, सगळी जोडलेली. वरच्या भागात नागमोडी, सुट्या सुट्या नद्या. हा फरक कागदावर छोटा वाटतो. पण तेल बाहेर ढकलायला एका विहिरीतून पाणी सोडतात, तेव्हा ते शेजारच्या विहिरीपर्यंत पोचणार की मध्येच चिखलाला धडकणार, हे यावरच ठरतं. आणि तिथलं तेल इतकं मेणचट की साध्या तापमानाला गोठतं. गुजरातच्या किनाऱ्यापर्यंत ते तापवलेल्या पाइपलाइनमधून न्यावं लागतं.

आणि मळ्यातलं तेल? मामा, आपल्या मळ्याखाली शेकडो मीटर काळा पाषाण आहे. आवाजाचा बराच भाग तो वरच्यावरच परत फिरवतो, उरलेला आतल्या थरांत विखुरतो. त्याखाली काय आहे हे नीट बघणं आजही अवघड आहे. तेव्हा कपाशीच लावा.

आता गावाचा विषय. आमचं गाव खानदेशात, गिरणेच्या काठी. नदी मळ्यापाशी वळण घेते, मळा वळणाच्या आतल्या बाजूला. लहानपणी उन्हाळ्यात त्या वाळवंटात टरबुजांच्या वाड्या असायच्या. पाणी वाहायचं बंद झालं तरी आजी हाताने वाळू उपसून हातभर खोल झिरा करायची. आधी गढूळ पाणी यायचं, ते दोनदा काढून टाकायची, मग नितळ. त्या पाण्याला तिने कधी फिल्टर लावला नाही. वाळूनेच ते गाळलेलं असायचं.

यंदा माघात धाकट्या चुलतभावाचा फोन आला. एका ठेकेदाराला नदीत ट्रक उतरवायला आमच्या बांधावरून रस्ता हवाय. पैसे बरे देतोय. काकांचा कल 'देऊन टाकू' असा आहे. कापसाला भाव नाही, पुतणीच्या कॉलेजची फी भरायचीय, हे मलाही माहीत आहे. भाऊ म्हणाला, "ताई, तू तर वाळूतली तज्ज्ञ. पुराबरोबर वाळू परत येतेच ना? मग बिघडलं काय?"

मी म्हटलं, येत होती. वाळू येते ती मोठ्या पुरात, तळाशी घरंगळत. वर धरण आहे, आणि धरणात पहिली अडकते ती वाळूच. पुढे येतं ते पाणी आणि बारीक गाळ. मागून भरणा नाही आणि पुढून उपसा आहे. हे मला सांगायला उपग्रह लागत नाही, काकांनाच विचार, त्यांच्या लहानपणी वाळू किती होती आणि आता कातळ कुठे कुठे उघडा पडलाय.

मग आम्ही फोनवरच हिशेब केला. काकांच्या अंदाजाने मळ्यासमोरचं वाळवंट हजार फूट लांब, दीडशे फूट रुंद, आणि अजून दहा फूट तरी खोल. पंधरा लाख घनफूट वाळू. अशा वाळूतून साधारण चौथा हिस्सा पाणी मिळू शकतं. म्हणजे पावणेचार लाख घनफूट, एक कोटी लिटरच्या आसपास. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर हजार टँकर. आपल्या विहिरीला चैत्रातही पाणी असतं ते यातूनच झिरपतं. शिवाय वाळू गेली की पात्र खोल जातं, पात्र खोल गेलं की काठाच्या विहिरींचं पाणीही त्याच्या मागोमाग खाली उतरतं. हे थायलंडच्या समुद्राखाली मी जे शोधते तेच आहे रे, फक्त वायूच्या जागी पाणी. लोक कोटी कोटी रुपये खर्चून जे हुडकतात ते आपल्या दारात उघड्यावर पडलंय.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "पण ताई, तुम्ही पण काढताच की. तुमचं तरी कुठे परत येतं?"

खरं आहे. परत येत नाही. एरावानचा वायू चाळीस वर्षांत बराचसा उपसून झाला. एप्रिल २०२२ मध्ये ते क्षेत्र एका कंपनीकडून दुसरीकडे गेलं तेव्हा उत्पादन खूप खाली आलेलं होतं. त्या वायूवर बँकॉकचे दिवे लागले, माझा पगार झाला, आणि त्यातूनच आजीच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. मी त्याला खोटं काही सांगितलं नाही. फक्त एवढं म्हटलं की आम्ही एक विहीर घ्यायच्या आधी दोन-दोन वर्षं मोजमाप करतो. किती आहे, किती निघेल, किती वर्षं पुरेल, आणि काढलं तर बाजूला काय होईल. ठेकेदाराने तुला यातलं काय मोजून दाखवलं? ट्रकचा दर सोडून?

रस्ता द्यायचा की नाही हे मी पुण्यात बसून ठरवणार नाही. शेत ते कसतात, फी त्यांना भरायचीय. काका म्हणाले, "बघू." काकांच्या 'बघू'चा अर्थ अजून आमच्या घरात कुणाला लावता आलेला नाही. मी एकच मागितलं, पाडव्यापर्यंत थांबा. आणि भावाला काम लावलंय. विहिरीत दोरी सोडून दर रविवारी पाणी किती खाली आहे ते मोजायचं, तारखेसकट वहीत लिहायचं, आणि नदीपलीकडच्या, जिथे गेल्या वर्षी वाळू निघाली तिथल्या एका विहिरीचंही मोजायचं. दोन रकाने. बाकी शास्त्र काही नाही.

काल त्याने वहीच्या पहिल्या पानाचा फोटो पाठवला. आपली विहीर, एकोणीस फूट. पलीकडची, चौतीस.

खाली त्याने पेन्सिलने लिहिलंय, 'पुढच्या रविवारी परत मोजतो.'